पंच्याहत्तर वजा पंधरा

सावनेरहून सकाळच्या एस.टी.नं निघालेला शालिकराम ढोके नागपूरच्या धरमपेठेतल्या कॉलेजात पोचला, तोवर पिशवीतला कागद जागेवर आहे ना हे त्यानं दहादा चाचपून पाहिलं होतं. दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांबलचक कागद म्हणजे त्यानं लिहिलेला प्रोग्राम. आजवर तो त्यानं बायकोलासुद्धा दाखवला नव्हता. अर्थात तिनं मागितलाही नव्हता.

साल होतं १९८७. खाणीच्या ऑफिसात कामगारांच्या पाळ्या पूर्वी हातानं लागत, आणि बाबूच्या मर्जीतल्याला नेमकी दिवसपाळी मिळे. म्हणून कॉम्प्युटर आला आणि मॅनेजरनं फर्मान काढलं, की मशीन छापेल तेच खरं, वर पेनाची रेघ चालणार नाही. तिथंच कारकून असलेल्या शालिकरामनं सहा महिने खपून प्रोग्राम लिहिला. मग मात्र तो विचारात पडला. उद्या हा दुसऱ्या कोणाला कळला, तर आपल्याला कोण कुत्रं विचारणार? म्हणून त्यानं सरळ लिहिलेलं सगळं वाकडं केलं, नावांच्या जागी खुणा घातल्या आणि कच्ची वही चुलीत घातली.

सव्वा महिन्यापूर्वी लहानू नावाचा पन्नाशीचा कामगार दुसऱ्या खाणीतून बदलून आला. त्याचं नाव यादीत चढलं आणि त्याच्या नशिबी रातपाळी चिकटली ती चिकटलीच. सुट्टीही नाही. तो दर सोमवारी खिडकीशी येऊन सांगे आणि शालिकराम त्याला म्हणे, "मशीन चुकत नसते, लहानूभाऊ." पाचव्या आठवड्यात लहानूला कामावर डुलकी लागली आणि त्याचा हात ठेचला. मशीननं पुढच्या आठवड्यालाही त्याला रातपाळीच दिली. आता शालिकराम घाबरला. चार दिवस त्यानं प्रोग्राम उलटापालटा केला, पण आपणच घातलेल्या गाठी त्याला सुटेनात. सोमवारच्या आत चूक सापडली नाही, तर तो म्हातारा तशाच हातानं पुन्हा रातपाळीला खाणीत उतरणार होता.

म्हणून तो इथं आला होता. कॉलेजात प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा मेळावा होता आणि त्याचा नियम दारातच लिहिलेला होता : प्रोग्राम भिंतीवर लावा, ज्याला हवा तो उतरवून नेईल. चाळीसेक माणसं भिंतींना नाकं लावून एकमेकांचे प्रोग्राम वाचत होती. शालिकरामला ही दरोड्याचीच जागा वाटली. तो खुर्चीत बसला, उठला, चहा घेतला, तो अर्धा टाकून पुन्हा येरझारा घालू लागला. शेवटी कौशल्या मेश्राम नावाच्या तरुण शिक्षिकेला त्यानं गाठलं.

"एखाद्या माणसाची पाळी बदलतच नसन, तर काहून होत असन, मॅडम?"

"प्रोग्राम दाखवा ना, भाऊ."

"तसं नाही. असंच विचारून राहिलो."

"जीभ दाखवल्याबिगर डॉक्टर तरी काय सांगणार?" असं म्हणून ती दुसऱ्या कागदाकडे वळली.

जेवणं झाली. दुपार कलली. लोक सामान आवरायला लागले तसा त्याचा जीव खालीवर व्हायला लागला. लहानूचा फडक्यात बांधलेला हात त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यानं देवाचं नाव घेतलं, स्वतःला एक शिवी घातली आणि कागद भिंतीला लावून टाकला.

माणसं गोळा झाली. खुणा पाहून कोणी कपाळाला हात लावला, कोणी हसलं. कौशल्या बोट फिरवत खाली खाली गेली आणि थांबली.

"यादीत नावं किती?"

"एकसष्ट. आधी साठ होते. हा लहानू मागून आला."

"इथं पंच्याहत्तर वजा पंधरा काहून लिहिलं?"

शालिकरामचे कान तापले. "कोणाले समजू नये म्हणून."

"म्हणजे साठच ना? मशीन साठव्या नावावर थांबते, भाऊ. एकसष्टाव्याले पाहतच नाही. पहिल्या दिवशी तुम्ही जे भरलं तेच छापते."

चार दिवस ही ओळ त्याच्या डोळ्यांखालून जात होती, पण साठ हा आकडा तिच्यात कुठं लिहिलेलाच नव्हता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिघं जण वह्या काढून त्याचा प्रोग्राम उतरवू लागले, तेव्हा तो पुढं झाला आणि कोणती खूण म्हणजे काय ते एकेक करून सांगत बसला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्यानं ऑफिस उघडवून घेतलं, दुरुस्ती केली आणि नवा कागद घेऊन लहानूचं घर गाठलं. लहानू बाजेवर बसला होता.

"उद्यापासून दिवसपाळी, आणि मंगळवारी सुट्टी," शालिकराम म्हणाला. "चूक माही होती. काल नागपूरले चाळीस जणांपुढं प्रोग्राम उघडा केला, तवा सापडली."

लहानूनं कागद हातात धरला. वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहिला.

"बरं केलं, बाबूजी," तो म्हणाला. "तुम्ही एकटे पाहत होते, तवर मी तुम्हाले दिसतच नव्हतो."