एका भाषेचा सल्ला

सम्यकने खेळण्यातली गाडी पालथी केली आणि तिचं चाक फिरवत बसला. वय तीन. मी मागून टाळी वाजवली, तो दचकला. नावाने हाक मारली, वळला नाही. ऐकू येत होतं, पण हाकेशी त्याला देणंघेणं नव्हतं.

तिलक नगरमधल्या माझ्या क्लिनिकमध्ये मी लहान मुलांची असेसमेंट करते. म्हणजे त्यांच्याबरोबर खेळते आणि बघत राहते. मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का, दाखवून आईकडे बघतं का, हे मी शब्दांच्या आधी पाहते. सम्यक यातलं काहीच करत नव्हता.

वडील रेल्वेत, अकोल्याहून या हिंदी मुलखात बदली होऊन आलेले. म्हणाले, "मॅडम, घरात मराठी, बाहेर हिंदी, प्लेस्कूलमध्ये इंग्लिश. पोरगा कन्फ्यूज झाला. प्लेस्कूलवाल्या म्हणाल्या, एकच भाषा ठेवा. मतलब, आम्ही घरातही हिंदीच सुरू केली."

"कधीपासून?"

"वर्ष झालं. आजीचा फोनही त्याला देत नाही. तिला हिंदी येत नाही ना."

मी आईकडे वळले. "तुम्हाला येते?"

"भाजी घेण्यापुरती," ती म्हणाली.

असा सल्ला लोक फुकट वाटतात. मला भयंकर राग आला, पण तो गिळून मी सांगितलं, "हा ऑटिझम आहे. मेंदूची घडणच वेगळी असते, जन्मापासून. दोन भाषांनी तो होत नाही आणि एका भाषेने जात नाही."

"रिपोर्टमध्ये फक्त 'उशिरा बोलतो' लिहा ना," वडील म्हणाले. "शाळा घेणार नाही त्याला."

"तसं लिहिलं तर थेरपीही चुकीची मिळेल."

ते मान खाली घालून रडू लागले. आईने मात्र वेगळंच विचारलं.

"मंग मी त्याच्यासंगं मराठीत बोलू का?"

"आत्तापासून बोला."

ती जमिनीवर बसली. "माह्या बाळा, भूक लागली का रे? आजी तुयी लय आठवण काढते..." वर्षभराचं तुंबलेलं सगळं बाहेर येत होतं. सम्यकने मान वर केली नाही. मला ते बघवेना.

रिपोर्टमध्ये मी ऑटिझमच लिहिलं. थेरपी सुरू आहे. त्याला अजून शब्द आलेले नाहीत, आणि येतील असं वचन मी दिलेलं नाही.

इतक्या वर्षांत एवढं कळलं, मूल बोलत नसलं की लोक आधी त्याच्या आईला गप्प करतात.