अर्धा मार्क मिळणार नाही!

आमच्याकडे फळा आहे, आणि त्याच्यावर मार्क लिहायचं काम माझं आहे. कार्यक्रम संपला की मी फळा पुसते. मार्क जातात, कोण जिंकलं तेही लोक विसरतात, पण त्या संध्याकाळी कोण काय बोललं ते मात्र जात नाही. एक किस्सा सांगून हसून होत नाही तोवर दुसरा तयार! आता इतके साचलेत की बाहेर काढले नाहीत तर मीच एक दिवस चालता चालता एकटी हसत सुटेन आणि नंदनवन कॉलनीतले लोक म्हणतील, बाई गेली कामातून.

तर हे आमचं जुन्या सिनेमांच्या प्रश्नोत्तरांचं मंडळ. दर महिन्याच्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही कॉलनीच्या समाजभवनात जमतो. बोकारे सर प्रश्न विचारतात, टीमा उत्तरं देतात, जिंकणाऱ्याला बक्षीस. बझर नाही, प्रत्येक टीमला एक स्टीलचा ग्लास आणि चमचा दिलाय. उत्तर येत असेल तर ग्लास वाजवायचा. बाहेरून जाणाऱ्याला वाटतं, आत पंगत बसली आहे आणि वाढायला कोणी येत नाही!

एक आधीच सांगून ठेवते. सिनेमांची नावं मी इथे मुद्दाम लिहिणार नाही. एक नाव लिहिलं की गुल्हानेंचा फोन येईल, "ताई, तो त्या सिनेमातला सीन नाही!" आणि माझा दिवस जाईल.

* * *

बोकारे सर शाळेत इतिहास शिकवायचे. रिटायर झाले तरी त्यांच्यातला परीक्षक काही रिटायर झाला नाही. त्यांचा एकच नियम आहे, उत्तर पूर्ण पाहिजे. अर्धा मार्क नावाची गोष्ट त्यांच्या राज्यात नाही.

सुरुवातीच्या दिवसांत एकांनी एका खलनायकाचं आडनाव बरोबर सांगितलं आणि नाव चुकवलं. मग लागले मागे. "सर, आडनाव तर बरोबर आहे ना! अर्धा तरी द्या."

सर म्हणाले, "टॉकीजमध्ये अर्धं तिकीट मांडीवरच्या लेकराले राहते. तुम्ही कोणाच्या मांडीवर बसता ते सांगा, मग देतो!"

तेव्हापासून आमच्याकडे अर्धा मार्क कोणी मागत नाही.

* * *

आता गुल्हाने. त्यांची कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची आडत आहे. दिवसभर बोलीवर माल विकायचा, त्यामुळे हळू बोलणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही. मंडळात त्यांचं एकच वाक्य प्रसिद्ध आहे, "माझा ऑब्जेक्शन आहे!" उत्तर चुकलं तर ऑब्जेक्शन. दुसऱ्याचं बरोबर आलं तर दुप्पट ऑब्जेक्शन.

एकदा सरांनी मुद्दाम वाकडा प्रश्न टाकला. पावसातल्या एका गाण्यात नायिकेची साडी कोणत्या रंगाची आहे?

गुल्हानेंनी ग्लास असा बडवला की चमचा वाकला. "लाल!"

"सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट आहे," सर शांतपणे म्हणाले. "रंग सांगता येत नाही, हेच उत्तर होतं."

"माझा ऑब्जेक्शन आहे! सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट असला म्हणून काय साडीले रंग नव्हता? माझ्या लग्नाचा फोटोपण ब्लॅक अँड व्हाइट आहे. म्हणून काय माझ्या बायकोचा शालू लाल नव्हता?"

मागच्या रांगेतून गुल्हाने वहिनींचा आवाज आला, "हिरवा होता, जी!"

ऑब्जेक्शन परत घेतल्याची आमच्या मंडळातली ती पहिली वेळ.

* * *

मोबाइलचा बंदोबस्त करायलाच हवा होता. काही मंडळींना प्रश्न ऐकताच लघवीला लागायची आणि परत येताना उत्तर घेऊन यायची! म्हणून सरांनी समाजभवनातला लग्नाच्या स्वयंपाकाचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, मागवला. यायचं, फोन गंजात टाकायचा आणि बसायचं. वर झाकण.

एका रविवारी ऐन शांततेत गंजातून बासरी वाजायला लागली. कोणाच्या तरी फोनची रिंगटोन, जुन्या गाण्याची धून. झाकणाखालून येत होती, त्यामुळे अगदी रेडिओवर ऐकल्यासारखी. तिन्ही टीमांचे ग्लास एकदम खणखणले. गुल्हानेंनी उभं राहून सिनेमा सांगितला, गायिका सांगितली, संगीतकार सांगितला आणि ते गाणं लिहिणाऱ्याचं गावही सांगून टाकलं.

"मार्क लिहा ताई!"

"अहो, हा प्रश्न नव्हता," सर म्हणाले. "फोन वाजून राहिला कोणाचा तरी."

"प्रश्न नसंल, पण उत्तर तर होतं ना!"

फोन गुल्हानेंचाच होता, हे झाकण काढल्यावर कळलं.

* * *

महिन्याचं बक्षीस म्हणजे संत्र्यांची पेटी, गुल्हानेंकडून. आणि बहुतेक वेळा जिंकतात गुल्हानेच. त्यामुळे पेटी कळमन्यातून समाजभवनात येते, टाळ्या घेते आणि त्याच गाडीतून गुल्हानेंच्या घरी जाते. वहिनी म्हणतात, "आमची संत्री सत्कार करून घेतल्याशिवाय घरी येत नाही!"

एकदा मात्र दुसरी टीम जिंकली. मंडळी पेटी उचलायला गेली तर गुल्हाने आडवे. आम्हाला वाटलं, झालं, आता ऑब्जेक्शन. पण गुल्हाने चक्क पेटीवर बसले आणि खाली मान घालून पुटपुटले, "थांबा ना गा. हे नका नेऊ. उद्या दुसरी पेटी आणून देतो."

"काहून?"

"हे आंबट आहे. मले वाटलं, आपल्याच घरी चालली!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मधासारखी गोड संत्री पाठवली. माणूस भांडखोर आहे, पण दुसऱ्याच्या घरी आंबट जाऊ देणार नाही.

* * *

आता चांदेकर नवरा-बायको. हे दोघं आले नसते तर आमच्या मंडळात नुसतेच सिनेमे राहिले असते.

मुकुंदराव आणि शालूताई वेगवेगळ्या टीममध्ये बसायचे. एकत्र बसले की भांडतात म्हणून. पण फळ्याशी उभी राहून मला एक गंमत दिसायला लागली. शालूताईंना नामावलीतला छायाचित्रकारसुद्धा पाठ. पहिलं गाणं, नायकाची एन्ट्री, सगळं तोंडावर. आणि शेवट विचारला की चेहरा कोरा! मुकुंदरावांचं नेमकं उलट. शेवटची मारामारी कोणत्या गोदामात होते ते सांगतील, आणि नायक-नायिका भेटतात कुठे, विचारलं की म्हणतील, "मी गेलो तवा ते भेटून बसले होते."

एकदा सरांनी शालूताईंना विचारलं, या सिनेमात शेवटी आई वाचते का?

शालूताई काळजीने म्हणाल्या, "काय झालं होतं जी तिले? मी निघाली तवा तर चांगली चालून-फिरून राहिली होती!"

सगळे हसले. मग चहाच्या वेळी त्यांनी मला सगळं सांगितलं. लग्न झालं तेव्हा मुकुंदराव जरीपटक्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला होते. सिनेमा म्हणजे सहाचा शो. शेठ गिऱ्हाईक असेपर्यंत सोडायचा नाही. म्हणून शालूताई घरून परस्पर जायच्या, मुकुंदरावांचं तिकीट दारावरच्या माणसाजवळ ठेवायच्या आणि आत बसायच्या. मुकुंदराव सायकल मारत पोचायचे ते इंटरवलच्या जरासं आधी. इंटरवलमध्ये दोघं मिळून एक समोसा खायचे. आणि त्यानंतर थोड्या वेळात शालूताईंना उठावं लागायचं, कारण चाळीचा नळ यायचा. नळ गेला की दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी नाही.

"मग मुकुंदराव पण उठायचे?" मी विचारलं.

"हे कायचे उठतात! तिकिटाचे पैसे वसूल झाले पाह्यजे ना! मी पाणी भरून, भाकरी टाकून होत नाही तोवर हे घरी. मग जेवता जेवता मी यांले सुरुवात सांगायची अन् हे मले शेवट सांगायचे. असा आमचा सिनेमा पूर्ण व्हायचा."

मुकुंदराव बशीत चहा ओतत म्हणाले, "हिनं सांगितलेली सुरुवात जास्त चांगली राहायची. नंतर टीव्हीवर पाह्यली, तर तेवढी नाही जमली त्यायले."

* * *

चांदेकर सहाच्या शोला जायचे ती आमच्या भागातली जुनी टॉकीज यंदा पाडली. सगळ्यांनाच वाईट वाटलं. आम्ही दोन-तीन दिवस एकमेकांना फोन करून नुसतं "पाडली वाटते" म्हणत होतो. बोकारे सर मात्र उठून कबाड्याकडे गेले आणि बाल्कनीतली एक जोडसीट घेऊन आले. दोन माणसांची, मधे हात नसलेली, लाल रेक्झिनची. वर्षाच्या फायनलचं बक्षीस म्हणून ती समाजभवनाच्या स्टेजवर ठेवली.

शालूताई तिच्याजवळ गेल्या, रेक्झिनवरून हात फिरवला, पण बसल्या नाहीत. मी म्हटलं, "बसून तर पाहा!"

"जिंकल्यावर बसीन," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मले यांच्याबरोबर एक सिनेमा पूर्ण पाहायचा आहे वं. पाटीपासून पाटीपर्यंत. बाजूले बसून."

"घरी टीव्ही आहे की."

"टीव्हीपुढे हे लोळतात अन् घोरतात. खुर्चीत बसलेला माणूस कसा, सिनेमाले आल्यासारखा राहते."

आणि त्या दिवशी पहिल्यांदा दोघांनी एकाच टीममध्ये नाव दिलं. काय सांगू, मला मार्क लिहिणारीला पक्षपात करायचा नसतो, पण माझ्या मनाने तेव्हाच ती सीट त्यांच्या घरी नेऊन ठेवली होती.

* * *

फायनलला समाजभवनात उभं राहायला जागा नव्हती. गंज फोनांनी भरला होता. बाकीच्या टीमा बाहेर पडल्या आणि उरले दोघे, एकीकडे गुल्हाने, दुसरीकडे चांदेकर.

चांदेकर असे खेळले की विचारू नका. सुरुवातीचं काही आलं की शालूताई ग्लास वाजवायच्या, शेवटचं आलं की मुकुंदराव. आयुष्यभर अर्धे अर्धे पाहिलेले सिनेमे त्या दिवशी धडाधड पूर्ण होत होते. गुल्हानेही काही कमी नव्हते. शेवटच्या प्रश्नाआधी दोघांचे मार्क फळ्यावर सारखे झाले, आणि हा प्रश्न आधी चांदेकरांना विचारायचा होता. त्यांना आलं तर सीट त्यांची. नाही आलं तर प्रश्न गुल्हानेंकडे.

सरांनी सिनेमाचं नाव सांगितलं. आमच्याच टॉकीजला लागलेला, चांदेकरांनी लग्नानंतर पाहिलेला पहिला. मुकुंदरावांनी शालूताईंकडे पाहून हसून घेतलं. मला वाटलं, जमलं!

"इंटरवलची पाटी येते, त्याच्या अगदी आधी नायिकेच्या हातातून एक वस्तू खाली पडते," सर म्हणाले. "कोणती?"

मुकुंदराव थांबले. सुरुवातीचा भाग शालूताईंचा. पण शालूताईंचा चमचा ग्लासपर्यंत गेलाच नाही.

गुल्हानेंना उत्तर येत होतं. ते खुर्चीच्या टोकावर आले होते, चमचा हातात, ग्लास तयार.

"मले नाही माहीत," शालूताई म्हणाल्या.

"असं कसं?" सर म्हणाले. "तुम्ही तर पहिल्यापासून आत बसल्या होत्या ना?"

"बसली होती. पण त्या टायमाले मी पडद्याकडे कुठं पाहायची, सर? मी दाराकडे पाहून राहिली होती. हे आले का म्हणून."

सरांनी मुकुंदरावांकडे पाहिलं. मुकुंदराव उभे राहिले आणि चूक कबूल करावी तसं म्हणाले, "मी आत आलो होतो, सर. पण अंधारात हिले शोधून राहिलो होतो."

शालूताईंनी स्टेजवरच्या सीटकडे एकदा पाहिलं आणि पदर सावरून घेतला. सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले,

"लिहा ताई. अर्धा मार्क."

मी खडू घेऊन तशीच उभी. या फळ्यावर अर्धा कसा लिहायचा, तेच मला सुचेना.

तेवढ्यात गुल्हाने उठले. चमचा ग्लासात टाकला. "माझा ऑब्जेक्शन आहे!"

सगळा हॉल ओरडला, "बसा ना गा गुल्हाने!"

"काहून बसू? अर्धा कायचा, सर? अर्धा वहिनीचा, अर्धा मुकुंदरावचा. दोन अर्धे मिळून किती होते, शाळेत शिकवत नव्हते काय तुम्ही?" आणि माझ्याकडे वळून, कळमन्यात बोली लावतात त्या आवाजात म्हणाले, "लिहा ना वं ताई, एक!"