बोर्दोत मराठीतून

इथे आखातात, आमच्या सीफ भागातल्या मॉलमध्ये दुकानं उघडायच्या आधी एक काका गळ्याला रुमाल गुंडाळून फेऱ्या मारतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते समोरून आले की मी मोबाइलमध्ये डोकं घालायचे. एकदा त्यांनी मला आईशी फोनवर मराठीत बोलताना ऐकलं आणि माझी लपायची सोय गेली.

ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी मला एकटीला फ्रान्सला, बोर्दोला जायचं होतं.

"मी मोस्टली हॉटेलवरच थांबेन," मी काकांना म्हटलं. "अनोळखी लोकांशी बोलायची भीती वाटते."

"वा! इथला एसी सोडून तिथला एसी खायला चाललीस!"

काका मुलाकडे बोर्दोला राहून आले होते. वाइनची दुकानं सोडून मागच्या गल्ल्यांतून पायी भटकायचे, चुकले की मराठीत रस्ता विचारायचे.

"मराठीत?"

"मोडकं इंग्रजी बोलताना लाज वाटते. मराठीत कसली लाज?"

पहिले दोन दिवस मी हॉटेलवरच काढले. तिसऱ्या दिवशी, काकांना काय सांगायचं म्हणून नदीपलीकडे चालत गेले. नकाशातली वाट एका बंद फाटकाशी संपली. भाजीची पिशवी घेतलेल्या एक आजी तिथून चालल्या होत्या. मी मराठीतच विचारलं.

"आजी, ट्राम कुठे मिळेल?"

त्या फ्रेंचमध्ये भरभरून बोलल्या आणि दंडाला धरून मला स्टॉपवर सोडून गेल्या.

परतल्यावर मी आपणहून काकांना थांबवून हे सांगितलं.

"तुझं मराठी ऐकून त्यांना वाटलं असेल," काका म्हणाले, "या पोरीला कुठलीच भाषा येत नाही."