आठव्या बेटावरचा दिवा

रेमंड गेल्याची बातमी मला रेमंडच्याच नंबरवरून आली. ग्लोरियाने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याच्या फोनमधल्या सगळ्यांना एकच निरोप पाठवला होता, 'रेमंड आज सकाळी वारला.' मी शाळेत नववीचा गणिताचा तास संपवून नुकती स्टाफरूममध्ये आले होते. असल्या फालतू थट्टा करायची या माणसाला लहानपणापासून खोड. मी लगेच उत्तर पाठवलं, 'मेलास तर मेलास, रविवारी येताना माझा कुकर घेऊन ये.' पाच मिनिटांनी त्याच नंबरवरून फोन आला आणि पलीकडे ग्लोरिया रडत होती... झोपेतच हार्ट अटॅक आला होता. माझा तो निरोप अजून फोनमध्ये आहे. खोडावा की ठेवावा, ठरत नाही. खरं सांगायचं तर गेल्या सहा आठवड्यांत रेमंडच्या बाबतीत मला कशाचाच नीट उलगडा झालेला नाही, आणि हे लिहून तो होईल अशीही खात्री नाही.

आम्ही दोघं मरोळचे. त्याचं घर गावठाणात, आमची सोसायटी गावठाणाला चिकटून. मधल्या भिंतीला एक भगदाड होतं, सोसायटीने कितीदा बुजवलं तरी ते पुन्हा पडायचं. त्याची आई, सिसिलिया आंटी, मला घरच्या मुलीसारखं वागवायची, म्हणजे ओरडायचीसुद्धा. रेमंडचा मामा जहाजावर होता. एका मे महिन्यात त्याने टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला आणि आमच्या अभ्यासाची जी वाट लागली ती लागलीच. आमचा लाडका गेम होता एका बुटक्या होडीवाल्याचा. त्याला नऊ बेटांवर टपाल पोचवायचं असायचं आणि प्रत्येक बेटावर कोडी सोडवायची असायची. जगभर गाजलेला गेम होता म्हणे, पण आमच्याकडची कॅसेट फुटपाथवरची, नकली. वर चित्र भलत्याच गेमचं, आतली अक्षरं जपानी की चिनी तेही कळायचं नाही. त्यामुळे कुठल्या बेटावरच्या माणसाला काय हवंय, हे आम्ही आपापल्या मनाने ठरवायचो आणि त्यावरून भांडायचो.

नियम असा होता, की मरेपर्यंत एकाची पाळी. मी पाच मिनिटांत मरायचे. रेमंड मरायचाच नाही. (हे वाक्य लिहून मी उठून गेले होते. परत आल्यावर खोडणार होते, पण ते खरं आहे.) तो पाऊल मोजून टाकायचा, प्रत्येक भिंतीला धडकून बघायचा, आणि मी शेजारी फरशीवर बसून धुसफुसत राहायचे. आठव्या बेटावर एक विहीर होती आणि मागे टेकडीवर एक विझलेलं दीपगृह. तिथे जायला वाट नव्हती. मला ते नुसतं चित्र वाटायचं, पण रेमंडची खात्री होती की तिथे काहीतरी आहे. एका दुपारी आंटीने त्याला जेवायला हाक मारली. त्याने होडीवाल्याला विहिरीजवळ उभं केलं, रिमोट जमिनीवर ठेवला, हात लावणार नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं आणि आत गेला. सुक्या बोंबलाच्या कालवणाचा वास येत होता आणि माझं डोकं फिरलं होतं. तो हात धुऊन बाहेर आला तेव्हा मी सांगितलं, की तू गेलास आणि दिवा लागला, आत्ताच विझला.

"खरंच?"

"आईशप्पथ."

एवढंच. मी बारा वर्षांची होते, तो अकराचा. तो रडला नाही, चिडलाही नाही. त्यानंतर अख्खी सुट्टी त्याने होडीवाल्याला त्या विहिरीजवळ उभं करून वाट बघण्यात घालवली, आणि कंटाळला की रिमोट माझ्याकडे द्यायचा. मला माझी पाळी मिळाली. मला तेच हवं होतं. पुढे कॅसेट खराब झाली, मामा वारला, माझं लग्न होऊन मी मुलुंडला आले... मी त्याला खरं कधीच सांगितलं नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही. इतक्या फुटकळ गोष्टीची कबुली द्यायला कोण बसतं?

रेमंड पुढे गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी तो आमच्याकडे आला तेव्हा चप्पल न काढताच सांगत सुटला, की होडीवाला परत येतोय. मूळ मालक तो जुना गेम आताच्या, हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी नव्याने बनवत होते आणि त्यातलं बरंचसं काम रेमंडच्या अंधेरीच्या ऑफिसला मिळालं होतं. (नावं मी लिहीत नाही, गेम अजून बाजारात यायचा आहे. त्यांच्यापैकी कुणी हे वाचेल अशी भीती नाही, मराठी वाचणारं तिकडे कुणी नाही.) मला वाटायचं, असल्या कामात चित्रं जरा चकचकीत करायची असतील. तसं नव्हतं. एकीकडे जुना गेम लावून तो एकेक खोली होडीवाल्याच्या पावलांनी मोजायचा. दारापासून शिडीपर्यंत सात पावलं असतील तर नव्यातही सातच. त्याने एक भलामोठा तक्ता केला होता. वस्तू कोणती, ती होती हे कशावरून, ठेवायची की नाही. मालकांची अट एकच होती, जुन्यात नव्हतं ते घालायचं नाही. रेमंडला ती अट फार आवडायची. विहिरीच्या रहाटाचा आवाज एक मात्रा लांबला म्हणून त्याने चार दिवस घालवले, आणि मी त्याला वेडा म्हटलं.

त्याच दिवसांत एकदा मी वाटाणे सोलत होते आणि तो समोर बसून शेंगा खात होता. मध्येच म्हणाला, "मधू, त्या दिव्याचा रंग कसला होता गं?"

"पिवळा. आणखी कसला असणार?"

तो "हं" म्हणाला आणि पुढची शेंग उचलली. मी काय बोलले ते माझ्याही ध्यानात राहिलं नाही.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी मला तन्वी नावाच्या मुलीचा फोन आला. रेमंडच्या हाताखाली काम करणारी, त्याचं अर्धवट राहिलेलं काम आता तीच बघते. आठव्या बेटावरच्या दीपगृहात दिवा लागतो असं सरांनी बनवून ठेवलंय, पण मालकांकडच्या मूळ गेममध्ये तो कुठेच नाही, असं तिने सांगितलं. जुन्या गेमच्या वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या प्रती निघाल्या होत्या आणि आपल्याकडच्या नकली कॅसेटींचा तर काही नेमच नव्हता, म्हणून मालक म्हणाले, की कुणी पाहिला असेल तर तसं लिहून द्या, नाहीतर काढून टाका. मग तिने तक्त्याच्या त्या ओळीचा फोटो पाठवला. 'कशावरून' या रकान्यात सगळीकडे कागदपत्रांची, चित्रफितींची नावं होती. इथे लिहिलं होतं, 'मधुरा. प्रत्यक्ष पाहिला. पिवळा.'

पाऊल न् पाऊल मोजणारा माणूस, आणि एवढ्या मोठ्या तक्त्यात पुराव्याशिवाय त्याने एकच गोष्ट घेतली, ती माझी थाप. त्याने ती खरी मानली होती? मग मी त्याला जन्मभर फसवलं. की त्याला कधीच कळलं होतं, आणि वाटाणे सोलताना तो मला खरं बोलायची संधी देत होता? मग मी ती घालवली. यातलं जास्त वाईट काय, तेही मला ठरवता येईना. नाही म्हणून कळवलं तर त्याने ठेवलेला दिवा माझ्या हाताने विझणार होता, वर त्याच्या नावावर चूक लागणार होती. हो म्हणून कळवायचं तर तीच थाप पुन्हा मारायची, आणि या वेळी ती ज्याला मारली तो ऐकायलाही नाही.

मी मरोळला ग्लोरियाकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. तिने शांतपणे चहा केला. ती म्हणाली, की जेवायला उठलो म्हणून दिवा चुकला, हे तो तिला लग्नाच्या आधीपासून सांगत आलाय, अगदी मनापासून. मला भरून आलं. मग कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "पण तुला थापा मारता येत नाहीत असंही म्हणायचा हं. मधू खोटं बोलली की मान खाजवते, म्हणायचा." त्या दुपारी मी मान खाजवली होती का, हे मी आठवून आठवून दमले. ग्लोरियाला विचारलं, त्याला माहीत होतं असं तुला वाटतं का? ती म्हणाली, कोण जाणे बाई. मी आले त्याहून जास्त गोंधळून मुलुंडला परतले.

रविवारी तन्वी माझ्याकडून दोन ओळी लिहून न्यायला आली. मी खरं सांगायचं ठरवलं होतं. तिने पिशवीतून ते यंत्र काढलं, वहीएवढं, मधे पडदा. "आधी बघा तरी," म्हणाली. मी तिच्या शेजारी बसले. होडीवाला तोच, चाल तीच. आठवं बेट आलं, विहीर आली, मागे टेकडी काळोखात. तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला. यंत्र तसंच जेवणाच्या टेबलावर ठेवून ती बोलत बोलत गॅलरीत गेली. मी एकटी पडद्याकडे बघत राहिले. मिनिटभर काही झालं नाही. मग टेकडीवर दिवा लागला. आवाज नाही, काही नाही... पाण्यावर पिवळा उजेड पसरला आणि बुटक्या होडीवाल्याची सावली विहिरीवर पडली. मी तन्वीला हाक मारली. तिने येऊन यंत्र हातात घेतलं, आणि दिवा विझला.

"हेच तर, मॅडम," ती म्हणाली. "धरलेलं असेपर्यंत लागतच नाही. यंत्राला हात लागला की कळतं ना. खाली ठेवून खेळणारा उठून गेला, तरच लागतो. आम्हाला सगळ्यांना आधी तो बग वाटला होता. मी सरांना म्हटलं, मग बघणार कोण? तर म्हणाले, शेजारी जे बसलंय ते."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, याचं उत्तर मला त्यातूनही मिळालं नाही, आणि आता ते कुणाकडून मिळणार? तन्वी बिचारी पाणी घेऊन आली. मी तोंड पुसलं, कागद ओढला आणि लिहिलं, की आठव्या बेटावरचा दिवा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, खेळणारा उठून गेल्यावर तो लागतो आणि त्याचा रंग पिवळा आहे. खाली सही केली.

कधी पाहिला, ते लिहिलं नाही.