पहेलवानाची मान

या सदरातले अनुभव मी दुकानात बसून वाचतो आणि बहुतेक वेळा चिडून अंक बाजूला टाकतो. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाच्या मागे पावलं वाजतात… चिंच कोणत्या गावची, बाई उंच की बुटकी, हे लिहिणारा कधी सांगत नाही. मी धंद्यातला माणूस आहे. वस्तू हातात घेऊन, उलटी करून, उजेडात धरून पाहिल्याशिवाय मी भाव बोलत नाही. भुताखेतांचा माल मला कुणी असा दाखवला नाही, म्हणून मी तो कधी घेतला नाही. आता मी जे लिहितोय तेही तुम्ही तसंच पारखून घ्या. नाही पटलं तर सोडून द्या, मला राग येणार नाही. हल्ली तो फारसा येतच नाही.

आमचं दुकान भंडारा जिल्ह्यात, जवाहरनगरच्या फॅक्टरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. मूळचे आम्ही पवनी तालुक्यातल्या कोंढ्याचे. वडील लवकर गेले. मी सायकलवर प्लास्टिकच्या बादल्या, कंगवे, बाहुल्या लादून पार साकोलीकडच्या एकोडीपर्यंतचे बाजार केले, त्यातून दुकान उभं केलं, धाकट्या भावाला, वसंताला, शिकवलं. तो फॅक्टरीत लागला. माझं लग्न व्हायचं होतं, त्याचंही. घरात आम्ही दोघं आणि माय.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. नागपूरला ज्या व्यापाऱ्याकडून मी खेळणी उचलायचो, त्याच्याकडे कलकत्त्याहून काही जपानी डबे आले होते. वर लोखंडी माणसाचं चित्र, आत नुसते प्लास्टिकचे तुकडे. व्यापारी वैतागला होता – तुटलेलं खेळणं कोण घेणार? मी त्याच्याहून जास्त वैताग दाखवला आणि सगळे डबे जवळजवळ रद्दीच्या भावात उचलले. डबा उघडताच मला कळलं होतं की हे तुटलेलं नाही, हे जोडायचं आहे.

वसंता जोडायचा आणि मी परीक्षण करायचो. ही आमची पद्धत होती. गिऱ्हाईकाला मी आधी खोट सांगायचो, मग गुण; त्याने गिऱ्हाईक भाव पाडायचं विसरतं. तर तुम्हालाही त्याच क्रमाने सांगतो, कारण पुढचं सगळं या वस्तूवर उभं आहे.

भाग सुटे येत नाहीत. प्लास्टिकच्या चौकटीत देठांना लटकलेले असतात; प्रत्येक भाग पक्कडीने कापून देठाची खूण घासावी लागते. पोटरी दोन अर्ध्यांची, मधली रेघ दिसते, पॉलिश पेपर मारल्याशिवाय जात नाही. तळपाय शरीराच्या मानाने लहान. गुडघा अर्धाच वाकतो. माहितीपत्रक सगळं जपानीत, चित्रं पाहून अंदाज करायचा. ही खोट. आता गुण. छातीवरच्या झडपा, पाठीवरच्या नळ्या, बोटांची पेरंसुद्धा वेगळी दिसतात, इतकं बारीक काम मी आपल्या मालात पाहिलेलं नाही. आणि सांधे. सांध्यात रबरासारख्या मऊ प्लास्टिकच्या वाट्या बसतात, त्यामुळे हात वर केला की तो वरच राहतो. आपण खाली करेपर्यंत राहतो. टेबल हलवलं, ट्रक गेला, तरी पडत नाही. हे लक्षात ठेवा.

लहान डबे विकले गेले. मोठा, हातभर उंचीचा, वसंताने कित्येक महिने घालून जोडला. त्याचं परीक्षण मात्र त्याने मला हातात घेऊन करू दिलं नाही. रंग ओला आहे म्हणाला. स्वतःच खांदे, कोपर हलवून दाखवले आणि शोकेसमध्ये उभा केला. माय त्याला पहेलवान म्हणायची, मग आम्हीही.

एक दिवस नागपूरचे एक गृहस्थ आले. त्यांना पहेलवान हवा होता. त्या एका वेळी मी वस्तू हातात न घेता, काचेतूनच खोट सांगितली, गुण सांगितला, ते उठून निघाले, मी जाऊ दिलं, ते दारातून परत आले… अर्धा दिवस चाललेला सौदा. मी “दिला” म्हणालो आणि तेवढ्यात पाळी संपवून वसंता आत आला. गिऱ्हाईकासमोर म्हणाला, “तो विकाऊ नाही, साहेब.” गृहस्थ माझ्याकडे पाहून हसले आणि गेले.

माझ्याच दुकानात, मी जबान दिल्यावर, ज्याला मी उभं केलं त्याने माझा सौदा मोडला. मला काय वाटलं ते व्यापार करणाऱ्यालाच कळेल. त्या दिवसापासून आमचा अबोला.

अबोला आमच्याकडे नवीन नाही. आमच्या गावात दोन जावा वर्षानुवर्षं बोलत नसत, तरी घर चाले. एक चुलीला सांगायची, दुसरी ऐकायची. आम्ही पहेलवानाला सांगायला लागलो. मी गल्ल्यावरून मोठ्याने म्हणायचो, “पहेलवान, सांग त्याले, माय उद्या कोंढ्याले जाऊन राहिली. बसच्या आधी स्टँडवर सोडजो म्हणा.” पहिल्यांदा असं बोललो त्याच्या दुसऱ्या सकाळी पहेलवानाचा उजवा हात वर होता. आणि वसंता मायला घेऊन गेलाही होता. मी मनात म्हटलं, बरं, तोंडाने नाही तर असं. शोकेसला दोन किल्ल्या होत्या – एक माझ्या करदोड्याला, एक त्याच्या सायकलच्या किल्लीसोबत.

पुढे दिवाळीत दुकानात बसशील का, असं विचारलं, तर सकाळी पहेलवानाची मान भिंतीकडे वळलेली. वसंता दिवाळीत दुकानात फिरकला नाही. हात वर म्हणजे हो, मान भिंतीकडे म्हणजे नाही. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण समजायला काय लागतं? मायही उठली की पहिलं विचारायची, “काय म्हणते आज पहेलवान?” तिला मजा वाटायची. एकदा दुकानातला पंखा न विचारता मागच्या खोलीत गेलेला दिसला तेव्हा मी चिडलो, पण चिडून बोलणार कुणाशी?

मग मायचे डोळे दुखायला लागले. दिव्याभोवती तिला रंगाची कडी दिसायची. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, नागपूरला लवकर ऑपरेशन करा, गेलेली नजर परत येणार नाही, असंही बजावलं. मायने ऐकून घेतलं आणि आपली अट घातली. आम्हा दोघांनाही वेगवेगळी तीच सांगितली.

“दोघं मिळून न्याल तं येतो. एकाच्या संगं नाही येत.”

तिला डोळ्यांपेक्षा अबोल्याची काळजी होती. मी त्याच संध्याकाळी, वसंता मागे आंघोळ करत असताना, त्याला ऐकू जाईल अशा बेताने पहेलवानाला म्हणालो, “त्याले विचार, दोघं मिळून मायले नागपूरले न्यायचं काय? मी दुकान बंद ठेवतो म्हणा.” माझ्यासाठी हे लहान वाक्य नव्हतं.

सकाळी मान भिंतीकडे होती.

दोन-तीनदा विचारलं, असंच तो मागे असताना. तेच. मी मागे जाऊन मायला म्हटलं, “वसंता नाही म्हणते.” ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “बरं.” मी एकटा नेतो म्हणालो, हाताला धरून उठवलं, रागावलो, तांदळाचं सूप भिरकावलं. ती आली नाही.

वर्ष संपायच्या आत तिचे दोन्ही डोळे गेले. वसंताला जवाहरनगरात क्वार्टर मिळालं, तो तिकडे गेला, लग्न केलं. शोकेस इथेच राहिली, मी तिच्यावर जुनी चादर टाकली. माय माझ्याकडेच राहिली. मी दुकानात गिऱ्हाईकात गुंतलेला असताना तो येऊन तिला भेटून जायचा. मी सगळ्या बाजारात सांगितलं की या माणसाने एका खेळण्यासाठी आईचे डोळे घालवले. तो क्वार्टरमध्ये माझ्याबद्दल हुबेहूब हेच सांगतो, असं कानावर आलं. चोर तो चोर, वर हे! त्या रागावर मी काही वर्षं काढली. खोटं कशाला सांगू, त्या रागात धंदाही चांगला झाला.

गेल्या वर्षी माय गेली. तेरवीची पंगत उठली, दुपारी मंडळी पांगली, आणि मांडवात आम्ही दोघंच राहिलो. मी ठरवलं होतं की बोलायचं नाही. पण त्याने डोळे पुसलेले मला पाहवले नाहीत.

मी म्हटलं, “आता कायले रडतं? तवा तं मान फिरवली होती तुनं.”

त्याने डोळ्यांवरचा हात काढला. “म्या?”

“मंग कोणं? पहेलवानाले विचारलं नाही काय म्या? दोघं मिळून नेऊ म्हणून?”

“तुनं कवा विचारलं, दादा? विचारलं तं म्या. रोज फॅक्टरीच्या बसच्या आधी. तू बाहेर दुकानाच्या फळ्या काढत रायचा. अन् रोज मान भिताडाकडे. म्या पहेलवानाले कधी हातच नाही लावला. तूच लावतं, असं समजून चाललो.”

पंखाही त्याने पहेलवानाला विचारूनच नेला होता. सकाळी हात वर दिसला, म्हणून नेला.

मी आयुष्यभर माणसांची तोंडं वाचत आलोय. कोण किती कमी करणार, कोण उठून खरंच जाणार, कोण दारातून परतणार, हे मला डोळ्यांवरून कळतं. वसंता खोटं बोलत नव्हता. मला तेव्हा राग यायला हवा होता. काहीच आलं नाही.

मी आत जाऊन चादर काढली. पहेलवान सरळ पाहत उभा होता, हात खाली. मनात एकच हिशेब होता: मायने केलं असेल. तिला मजा वाटायची. पण ज्या गोष्टीसाठी तिने अट घातली, तिलाच ती नाही कशाला म्हणेल? आणि किल्ल्या आमच्या अंगावर. तरी मी तेच धरून बसलो होतो, तेवढ्यात वसंता मागून म्हणाला, “एक सांगू काय? याची मान फिरतच नव्हती.”

जपानी माहितीपत्रकात मानेच्या चित्राजवळ चिकटवायच्या सोल्युशनचा थेंब काढला होता आणि त्यावर फुली, म्हणजे इथे लावू नका. मतदानाच्या कागदावर आपण फुलीचा शिक्का कुठे मारतो? जो पाहिजे त्याच्यापुढे. वसंताने तसंच वाचलं: इथे सोल्युशन पाहिजेच. त्याने मानेच्या वाटीत भरपूर ओतलं. ते सोल्युशन साधं नसतं, प्लास्टिक वितळवून एकजीव करतं. सकाळपर्यंत मान खांद्यांशी एक झाली. मी खोट काढीन म्हणून त्याने मला पहेलवान हातात दिला नाही. रंग कधीच वाळला होता.

“मंग मान फिरलेली पाहून तुले काही वाटलं नाही?” मी विचारलं.

“वाटलं नं. वाटलं, तुनं रागानं जोर लावून सोडवली. लय वाईट वाटलं मले.”

मी पहेलवान उचलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्या हातात आला. नेहमीसारखा उलटा केला, दाराच्या उजेडात धरला. मानेभोवती सोल्युशनचा फुगवटा होता, अखंड, कुठे तडा नाही. रंगही तडकलेला नाही. मी मान डावीकडे वळवून पाहिली, उजवीकडे. हलली नाही. वसंताने पाहिली. मग मी जोर लावला आणि मान मुळातून तुटली, डोकं माझ्या मुठीत आलं. तुटलेली जागा आतपर्यंत भरीव, पांढरी होती.

आम्ही पायरीवर बसलो. मी त्याला विचारलं, तेव्हा मायला तू काय सांगितलंस.

“काय सांगणार? दादा नाही म्हणते, असं सांगतलं.”

“मंग?”

“बरं म्हणाली.”

म्हणजे मायने दोघांचंही ऐकलं. मी म्हणालो तो नाही म्हणतो, तो म्हणाला मी नाही म्हणतो. पहेलवानाला आमच्यापैकीच कुणी हलवतं, असंच तिलाही वाटायचं. दोन पोरं एकमेकांवर ढकलतात आणि दोघांनाही न्यायचं नाही, एवढंच तिला दिसलं असणार. ती तशीच पुढची वर्षं राहिली, माझ्या हाताने जेवली, त्याच्याशी हसून बोलली, आणि आम्हाला एका शब्दाने काही म्हणाली नाही.

त्या मानेचं कारण मी खूप जणांना विचारलं. फॅक्टरीतल्या मिस्त्रीला तुटलेला भाग दाखवला. तो म्हणाला, हा जोड एकदाही सुटलेला नाही. एकाने सांगितलं, तुम्हाला भास झाला. दोघांना, वेगवेगळ्या वेळी, कितीतरी सकाळी, सारखाच? मला पटत नाही. दुसरं काही पटण्यासारखं कुणी सांगितलेलं नाही, आणि माझ्याकडेही नाही.

वसंता आता रविवारी येतो. दुकानात बसतो, चहा घेतो. मागे एकदा त्याने विचारलं, “दादा, मायले तवा सांगून टाकलं असतं तं, नाही पहेलवान म्हणते, आपण नाही?” मी गिऱ्हाईकाला बादली दाखवत होतो. मी म्हटलं, “काय सांगतलं असतं? तवा आपल्याले तरी कुठं माहीत होतं?” त्याने कप ठेवला आणि गिऱ्हाईकासाठी दुसरी बादली काढून दिली.