सरूचा मिलिंद म्हणे

पुण्याहून निघताना पाठीवरच्या पिशवीत कपडे कमी आणि पत्रकं जास्त होती. मथळा मीच लिहिला होता: ‘नाव चोरणाऱ्यांनो, जाब द्या!’ खाली ठळक ओळ: ‘सातबाऱ्यावर नाव नव्हतंच, आता गाण्यातूनही काढलंत!’ मिलिंद असता तर म्हणाला असता, “मथळा लई ओरडतोय बाई, घसा बसंल त्याचा.” कॉलेजात असल्यापासून आमची वाटणी ठरलेली होती. पत्रकं मी लिहायची, गाणी त्यानं रचायची आणि गायची. माझ्या पत्रकात लोक भेळ खायचे, त्याचं गाणं घरी घेऊन जायचे.

मिलिंद जळकोटचा. वर्षापूर्वी एका संध्याकाळी कार्यक्रम करून परतताना तो गावच्या फाट्यावर जीपमधून उतरला आणि हमरस्ता ओलांडताना गेला. पोलिसांनी कागदावर लिहिलं, ‘अज्ञात वाहन’. मारणाऱ्याला नाव नाही, हे मी दात आवळून ऐकून घेतलं. पण मेलेल्याचंही नाव पुसायचं?

त्याच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी त्याची नाममुद्रा असायची, आईचं नाव पुढं लावून:

*सातबारा तुझ्या नावं, ढेकूळ माझ्या हाती*
*सरूचा मिलिंद म्हणे, निवाडा करंल माती*

बेंबळीची एक गायनपार्टी हल्ली हे गाणं गावोगाव गाते आणि त्या जागी म्हणते, ‘बेंबळीकर म्हणे’. जळकोटला मिलिंदच्या पुण्यानुमोदनाचा (बौद्ध घरांतल्या स्मरणाचा) कार्यक्रम होता आणि गायला तीच पार्टी येणार होती. त्याच्याच दारात, त्याच्याच फोटोपुढं दुसऱ्याचं नाव! ते होऊ द्यायचं नाही, म्हणून मी निघाले होते.

उजाडता उजाडता डोळा लागला, दचकून जागी झाले आणि धाराशिव समजून येडशीलाच उतरले. गाडी निघून गेली. रामलिंगच्या देवळाकडचं रान धुक्यात होतं. बालाघाटचे डोंगर इथं उंच वाटत नाहीत. पुढं जमीन एकदम खाली बसते तेव्हा कळतं, आपण वर होतो. फलाटावर एका वानरानं माझा बिस्किटाचा पुडा पळवला. मिलिंद असता तर वानराच्या बाजूनं बोलला असता.

स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर मोबाईल वाजत होता. तेच गाणं.

“कुणाचं हो हे?” मी विचारलं.

“बेंबळीच्या बब्रुवान काकांचं. लई जोरात चाललंय.”

“चूक. जळकोटच्या मिलिंदचं आहे.”

टपरीवाल्यानं कप पुढं सरकवला. “असंल बाई. पर गान्यात तर तसं म्हनंना की.”

त्या चहाची चव मला सांगता येणार नाही. रागात चहा पिऊ नये.

धाराशिवहून एसटीनं बेंबळी गाठली. दोन्ही बाजूंना काळं रान, ज्वारी कणसात आलेली, तुरीच्या काढणीला बाया वाकलेल्या. बब्रुवान काका दारातच भेटले. टेम्पोत कर्णे चढवत होते. डोक्याला मफलर, तोंडात पान. मी नमस्कार न करता पत्रक हातात दिलं. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, कुठंही न अडखळता, शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत.

“लई तिखट लिहितीस की गं. मिरची आमच्याच रानातली दिसायली.”

“काका, थट्टा नको. त्याचं नाव तुम्ही काढलंत का नाही?”

“काढलं.”

“का?”

“त्ये मला इचारू नको. जळकोटात गेल्यावर इचार.”

“कुणाला?”

“पार्टी निघालीच हाय. बस गाडीत. भांडायचं तर वाटंनं भांड.”

मी बसले आणि भांडले. तुळजापूर गेलं, नळदुर्गचा किल्ला डावीउजवीकडं कुठं होता तेही मी पाहिलं नाही. ढोलकीवाला हसत होता, झील धरणारे (मागून सूर देणारे) दोघं झोपले होते आणि काका फक्त एवढंच म्हणाले, “नावाबिगर कडवं बंद होत न्हाय, पोरी. म्हनून माझं लावलं. शिव्या खायाला कुनीतरी पायजे की.”

जळकोटला दुपार कलली होती. दारापुढं मांडव, पांढऱ्या कापडावर फोटो. मिलिंद फोटोत तोंड मिटून होता. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं. सरूमावशी, त्याची आई, आत चुलीपाशी येसराची (भाजलेल्या धान्यमसाल्याच्या पुडीची) आमटी ढवळत होती. मी जेवायला नाहीच म्हटलं. आधी पत्रक दाखवलं, सगळं सांगितलं.

“काकांनी त्याचं नाव काढलंय, मावशी. तुमचंही.”

“त्येंनी न्हाय. म्या काढाया लावलं.”

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“त्यो फाट्यावर उतरला की तिथनंच गान्याची ती वळ म्हनत यायचा,” ती आमटीकडं बघत म्हणाली. “सरूचा मिलिंद म्हणे... कानावर आलं की म्या तवा ठिवायची. त्यो दारात, भाकरी ताटात. त्या दिशी निम्मीच वळ आली. ‘म्हणे’ म्हनला, फुडं काईच न्हाय. म्या वाट बघत तवा तापवीत बसले.”

पळी थांबली होती.

“आता कुनाच्या लग्नात, कुनाच्या टेम्पोत त्ये वाजलं की म्या उठती. तवा ठिवती. मंग ध्यानात येतंय.”

गप्प बसावं एवढी अक्कल मला तेव्हाही नव्हती. “पण नावच नसलं तर लोक विसरतील त्याला.”

“लोकांनी इसरू नये म्हनून म्या रोज तवा ठिवू का गं?”

याच्यावर पत्रक लिहिता येत नाही. मी ताट घेतलं आणि जेवले.

दिवस मावळायच्या आत वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. काकांनी पेटी पुढं ओढली आणि गाणं सुरू केलं. अख्खी वस्ती मागून म्हणत होती. शेवटचं कडवं आलं. ‘ढेकूळ माझ्या हाती’ झालं आणि बायांच्या रांगेतून सरूमावशी उठून आत गेली. काकांनी तिला जाताना पाहिलं. ते पुढं गेले नाहीत. पेटीवर बोट तसंच दाबून राहिले. ढोलकी हळू झाली, झिलकऱ्यांनी सूर धरून ठेवला. माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

आत भांड्याचा आवाज झाला. मग ती दारात आली. हात पिठानं भरलेले.

“तवा ठिवलाय,” ती म्हणाली. “आज म्हना. ह्यो एकच डाव.”

काकांनी डोळे मिटले.

“सरूचा मिलिंद म्हणे...”

ती चौकट धरून उभी राहिली.

“...निवाडा करंल माती.”

ओळ पूर्ण झाली. सरूमावशीनं मान हलवली, एखाद्याचा निरोप पोहोचल्यासारखी, आणि भाकरी टाकायला आत वळली. पहिली भाकरी तिनं फोटोपुढं ठेवली, दुसरी माझ्या हातात. “खा. गरम हाय तवर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना पत्रकांचा गठ्ठा काकांनी मागून घेतला. “मागची बाजू कोरी हाय. गानी लिहायला व्हतंय.” मी दिला.

फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते. ट्रक घोंघावत जात होते. त्यातल्या कुठल्याला काय नाव, कोण विचारतंय? त्याचा राग माझा अजून गेलेला नाही आणि तो मी घालवणारही नाही. अज्ञात वाहनाचा जाब मी विचारत राहीन. पण समोर ते घर दिसत होतं, चुलीचा धूर दिसत होता आणि तीच ओळ माझ्या ओठांवर आली. चौकाचौकांत गळा फाडून घोषणा दिलेली मी तोंड घट्ट मिटून उभी राहिले. वारा गावाकडं होता.

आता पुण्यात बसून हे लिहितेय. कागदाचा आवाज जळकोटच्या उंबऱ्यापर्यंत जात नाही, म्हणून इथं लिहिते. ते गाणं कुठं ऐकलंत तर ‘बेंबळीकर म्हणे’ असंच ऐकू येईल. येऊ द्या. टपरीवाल्याशी भांडू नका. फक्त त्या जागी मनातल्या मनात म्हणा: सरूचा मिलिंद.