गाळोबाचे सहा हात

माणूस असो, म्हैस असो की राक्षस, शंभर पावलांवरून ओळखता आला नाही तर त्याच्या जन्माला येण्यात काही अर्थ नाही, असं मनापासून मानणारा मनुष्य ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकच असेल आणि तो ठाकुर्लीला माझ्या समोरच्या दारात राहतो. आम्ही त्यांना समोरचे काका म्हणतो. काका रेल्वेत रंगारी होते. स्टेशनांच्या पिवळ्या पाट्या, डब्यांवरचे आकडे, साहेबांच्या दारांवरची नावं, सगळं त्यांच्या हातचं. साहेब बदलला की जुनं नाव खरवडायचं आणि नवं घालायचं. "पाटी गाडीतल्या माणसासाठी असते, रंगाऱ्यासाठी नव्हे," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्यामुळे निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ते कोणतीही गोष्ट जवळून बघत नाहीत. काकूंनी नवी साडी नेसून दाखवली की काका उठून थेट जिन्यापर्यंत मागे जातात, एक डोळा मिटतात आणि तिथून ओरडतात, "काठ वाचता येतोय!" त्यांच्या भाषेत सगळंच वाचता येतं, साडी, डोंगर, माणसाचा चेहरा. "मला बघायला आले तेव्हासुद्धा हे उठून अंगणात जाऊन उभे राहिले," काकू सांगतात. "माझ्या वडिलांना वाटलं, स्थळ पळून चाललं."

मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला, आमच्या घरातला पहिला पदवीधर. इथे भाड्याने खोली घेतली त्याच आठवड्यात काकांनी माझं शिक्षण विचारलं. बी.ए. ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावरून येतो तर माझ्या दारावर पिवळी पट्टी आणि तिच्यावर काळ्याभोर अक्षरांत माझं नाव! अक्षरं इतकी मोठी की 'बी.ए.' दारात मावेना, ते चौकट ओलांडून भिंतीवर गेलेलं. घरमालक कुरकुरले. पण माझे वडील गावाहून आले तेव्हा आत यायच्या आधी त्या अक्षरांवरून बोट फिरवत कितीतरी वेळ उभे होते. त्यांना वाचता येत नाही. काकांनी शेजारी उभं राहून एकेक अक्षर त्यांना सांगितलं, अगदी भिंतीवरच्या टिंबासकट. तेव्हापासून काकांनी काही सांगितलं तर मला नाही म्हणता येत नाही, आणि ते मला नावाने हाक न मारता "पदवीधर" म्हणतात.

हा पदवीधर घोडबंदर रोडवरच्या एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही पाच जण मिळून मुलांसाठी पत्त्यांचा खेळ तयार करतो. चाळीस पत्ते, प्रत्येकावर एक अचाट प्राणी आणि खाली त्याची दोन ओळींची माहिती. ती माहिती मी लिहितो. (आईला 'पत्त्यांची कंपनी' एवढंच ऐकू आलं आणि तिने माझ्यासाठी पाच सोमवार धरले.) एकोणचाळीस चित्रं झाली होती. चाळिसावा प्राणी म्हणजे खाडीच्या गाळात राहणारा, आठ हातांचा गाळोबा. चित्रकार आजारी पडल्यामुळे तो अडला होता. मी भीतभीत काकांचं नाव काढलं. आमची बॉस माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. ती म्हणाली, "शुक्रवारपर्यंत वाट बघते. नाही आवडलं तर कंप्युटरकडून काढून घेऊ. तो मिनिटाला चार देतो."

हे काकांना सांगताना मी सहज म्हटलं, की पत्त्याच्या तळाशी चित्रकाराचं नाव छापतात. काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"कुणाचं? साहेबांचं?"

"नाही काका. तुमचं."

"माझं नाव? छापून?"

हा प्रश्न त्यांनी तीनदा विचारला. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं रंगवली, पण रेशनकार्डाबाहेर स्वतःचं नाव कुठे लिहिलेलं त्यांना आठवेना. गाळोबा पसंत पडला तर नाव, नाही तर कंप्युटर. त्या दिवसापासून काकांना जेवण गोड लागेना.

आधी त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. गाळोबा खातो काय? झोपतो कुठल्या कुशीवर? आठ हात आहेत तर अंघोळीच्या वेळी पाठ कितव्या हाताने चोळतो? मी दोन ओळींचा लेखक, मला काय माहीत! मग ते मला कल्याणच्या मासळी बाजारात घेऊन गेले आणि एका जिवंत चिंबोरीसमोर, म्हणजे खाडीतल्या खेकड्यासमोर, उकिडवे बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मासेवाल्या मावशींचा संयम सुटला.

"काका, घेताव का नुसतं बघताव?"

"बघतोय. तोंड किती उघडतं ते."

"कोनाचा? माजा का तिचा?"

काका विनोदाला हसले नाहीत, कारण त्यांनी तो ऐकलाच नव्हता. ते मागे सरकत सरकत बाजाराच्या फाटकापर्यंत गेले होते आणि तिथून चिंबोरी वाचता येते का ते पाहत होते. शेवटी मीच दोन चिंबोऱ्या घेतल्या. एक काकूंनी रांधली, दुसरी काकांनी बादलीत ठेवली आणि तिचे बघून गाळोबाचे डोळे रंगवले.

हातांचा प्रश्न मोठा होता. काकांचा नियम असा की समोर दिसतं तेच रंगवायचं, मनचं काही घालायचं नाही. म्हणून बुधवारी सकाळी गॅलरीत एकामागे एक अशी चार माणसं उभी राहिली. पुढे मी, माझ्यामागे तळमजल्यावरचे दोघे भाऊ आणि सर्वांत मागे लाटणं घेतलेल्या काकू. आठ हात पसरून आम्ही गाळोबा झालो. काका गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला. पाऊण तास झाला. माझे खांदे भरून आले होते. तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी.

"अहो, तिसरी झाली की मी चालले," काकू म्हणाल्या.

"हलू नकोस! कोपर चाललंय!"

"डाळीचा गाळ होईल. तुमच्या गाळोबाला सहा पुरेत."

आणि त्या गेल्या. काकांनी क्षणभर मोकळ्या जागेकडे पाहिलं, मान डोलावली आणि दिसत होते तेवढे सहा हात रंगवले.

आता हे रंगवणं कशावर? अडीच इंच रुंदीच्या पत्त्यासाठी काकांनी पाच फुटी प्लायवूड आणलं होतं आणि डबाभर ऑइलपेंट. "लहान काढलं की माणूस बारकाव्यात रमतो," ते म्हणाले, "आणि बारकावा गाडीतून दिसत नाही." गुरुवारी फळी गच्चीवर चढवून मी ती दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो आणि काका मैदानाच्या पलीकडे, जिथून फळी पत्त्याएवढी दिसेल तिथे. सूचना माझ्या खिशातल्या फोनच्या स्पीकरवरून. "डावा डोळा वाचता येत नाही! पांढरा वाढवतो!" असं म्हणत ते मैदान ओलांडून चार जिने चढून यायचे, एक फटकारा मारायचे आणि पुन्हा खाली जायचे. असं अकरा वेळा. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या आजींनी गाळोबाला लांबूनच हात जोडले. काकांनी ती पावती मानली.

शुक्रवारी टेम्पोत फळी उभी करून आम्ही निघालो. घोडबंदर रोडवर नेहमीसारखी वाहतूक तुंबलेली. लांबवर एका स्कूलबसमधून पोरं ओरडली, "ए, राक्षस! राक्षस!" काका टेम्पोतून उतरले आणि गाड्यांच्या मधून पावलं मोजत बसपर्यंत जाऊन आले. "एकशे दहा," ते धापा टाकत म्हणाले. चेहरा मात्र उतरलेला. पुढे त्यांनी मला एकच विचारलं, "पदवीधर, कंप्युटर मागे सरकून बघतो का रे?"

ऑफिसात फळी भिंतीला टेकवली. बॉसने एक पत्ता उचलून फळीला लावून पाहिला.

"काका, पत्ता अडीच इंचाचा आहे."

"माहीत आहे, बाळ. मागे हो. अजून. दारापर्यंत जा."

ती मुकाट्याने दारापर्यंत गेली. मग आम्ही फळीचा फोटो काढला, लहान करून छापला आणि टेबलावर बाकीच्या एकोणचाळीस पत्त्यांमध्ये ठेवला. दारातून पाहिलं तर ती एकोणचाळीस सुंदर चित्रं म्हणजे नुसते रंगाचे डाग, आणि त्यांच्यात एकटा गाळोबा डोळे वटारून बघतोय! बॉस हसली आणि एकदम थांबली. "पण हात सहाच आहेत. मजकुरात आठ आहेत."

काका पडेल चेहऱ्याने, पण प्रामाणिकपणे म्हणाले, "दोन कुकर बंद करायला गेलेत."

सगळं ऑफिस पोट धरून हसलं. शेवटी डोळे पुसत बॉसने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिथेच लिहिलं: 'गाळोबाला आठ हात असतात, पण दोन कायम घरकामात.' पोरांना आज चाळीस पत्त्यांत हाच सर्वांत आवडतो.

पत्ता छापून आला त्या दिवशी मी तो काकांच्या हातात दिला. तळाला नाव होतं, मोहरीएवढ्या अक्षरांत. मला वाटलं, काका नेहमीसारखे जिन्यापर्यंत मागे जातील. ते गेले नाहीत. काकूंचा चष्मा लावून, पत्ता नाकाशी धरून, खिडकीपाशी बसून राहिले.

हल्ली तो पत्ता त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. जिन्यात जो भेटेल त्याला दाखवतात. लोक गाळोबाचे हात मोजतात, हसतात, "भारी काढलाय, काका," म्हणून परत करतात. काका लगेच हात पुढे करत नाहीत. अगदी संकोचून म्हणतात, "जरा जवळ धरून बघा ना."